हिला पाच वर्षं काही होत नाही

हाडांच्या डॉक्टरांची गाडी सतरा वर्षांची झाली तेव्हा ती रोज सकाळी एका अंगाला कलून बसायला लागली. पुढच्या एका चाकावरची हवेची पिशवी फाटत आली होती. आठ-दहा तास गाडी उभी राहिली की पिशवीतली हवा निघून जायची आणि तो लांबलचक निळा देह एका गुडघ्यावर टेकल्यासारखा दिसायचा. इंजिन सुरू केलं की आतून घरघर व्हायची, दोन-तीन मिनिटांनी गाडी हळूहळू वर उठायची. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हमखास म्हणायचं, "उठल्या बरं आजीबाई!"

पायलटला ते फार लागायचं.

पायलट म्हणजे डॉक्टरांचा ड्रायव्हर. गाडी नवी घरी आणली त्या दिवशी आतल्या बटणांच्या रांगा बघून त्याने विचारलं होतं, "साहेब, ही उडतेसुद्धा का?" डॉक्टर पोट धरून हसले आणि तेव्हापासून त्याचा पायलट झाला. पुढे पुढे त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची. त्या काळात डॉक्टर तीन हॉस्पिटलांत मिळून दिवसाला चार-चार ऑपरेशनं करायचे आणि पायलट त्यांना एका दारातून दुसऱ्या दारात वेळेवर पोचवायचा. आता डॉक्टर बहात्तरचे होते, चाकू खाली ठेवून सहा वर्षं झाली होती. गाडी आठवड्यातून तीनदा बाहेर पडायची. दोनदा डॉक्टरांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या व्यायामासाठी, कारण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि एकदा डॉक्टरांच्या पत्त्यांच्या डावासाठी. बाकीचे दिवस पायलट दहाला यायचा, गाडी पुसायचा, पुसलेली पुन्हा पुसायचा आणि सहाला घरी जायचा. तो अठ्ठावन्नचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पिशवीचं काम काढलं म्हणून तो गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्री आधी कंपनीच्या शोरूममध्ये बारा वर्षं होता. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि तिथे फक्त अशाच मोठ्या गाड्या यायच्या. गाडी वर उचलून, खालून तासभर बघून तो हात पुसत बाहेर आला.

"पिशवी आज बदलून देतो. पण मला दुसरंच बोलायचंय. बस."

"बोल ना, बसायला कशाला पाहिजे?"

"या गाडीचा ब्रेक तुझ्या पायाने लागत नाही, माहीत आहे ना तुला? तू पॅडल दाबून फक्त निरोप देतोस. ब्रेक दाबतो तो पंप. आणि पंपाने आता हात टेकलेत."

"पायाला तर काही जाणवत नाही."

"जाणवेल तेव्हा वेळ गेलेली असेल. एखाद्या दिवशी पॅडल थेट तळाला जाईल. मग तू दोन्ही पायांनी त्याच्यावर उभा राहिलास तरी सायकल थांबेल, हे दोन टनांचं धूड थांबायचं नाही." मिस्त्रीने आवाज खाली आणला. "नवा पंप बाहेरून मागवावा लागेल. दीड महिना धर. आणि खरं सांगू का, पंपाची किंमत गाडीच्या आजच्या किमतीच्या वर जाते. साहेबांना नीट सांग. एक तर पंप घाला, नाही तर गाडी काढून टाका. मधला रस्ता नाही."

"सांगतो," पायलट म्हणाला. येताना त्याने वाक्यं जुळवलीही होती.

तो चावी द्यायला घरात शिरला तेव्हा डॉक्टर जेवणाच्या टेबलाशी बसून मुलीशी फोनवर बोलत होते. ताई दुसऱ्या शहरात असायच्या. डॉक्टरांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. बाई पलीकडे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी पेन्सिल काही कानामागून उतरली नव्हती.

"बाबा, विकून टाका ती गाडी," ताई म्हणत होत्या. "लहान ऑटोमॅटिक घ्या, स्वतः चालवा. नाही तर फोनवरून टॅक्सी बोलवा. आठवड्यातून तीनदा बाहेर पडायला सतरा वर्षांचा हत्ती कशाला पोसायचा? हत्ती आला की माहूत आला!"

डॉक्टर हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. मग दारातल्या पायलटकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते जरा ओशाळले.

"ये, ये. काय म्हणाला मिस्त्री?"

जुळवलेली वाक्यं पायलटच्या जिभेवर होती. पण तो माहूत त्याच्या घशात अडकला होता.

"पिशवी बदलली, साहेब."

"ते झालं. बाकी?"

"बाकी ठणठणीत आहे. वय झालंय, जपून चालवा म्हणतो. हिला अजून पाच वर्षं काही होत नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. एखाद्या पोराला सुट्टी मिळावी तसा. "ऐकलंस?" ते फोनमध्ये ओरडले. "पायलट म्हणतो पाच वर्षं! अगं, मी जन्मभर लोकांचे सांधे बदलले, पण विद्यार्थ्यांना काय शिकवलं? जुना चालतोय तोवर हात लावायचा नाही."

पायलट बाहेर आला आणि पाण्याचा नळ सोडून उगीचच चाकं धूत बसला.

त्याने काही कुणाचा जीव घ्यायचं ठरवलं नव्हतं. त्याचा हिशेब असा होता की सतरा वर्षं हे पॅडल आपल्या पायाखाली आहे. ते बिघडायला लागलं तर जगात पहिल्यांदा आपल्याच तळपायाला कळेल. तोवर सावकाश चालवायचं, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं आणि काहीतरी तजवीज करायची. मिस्त्रीला त्याने फोन केला. "साहेब म्हणाले, जरा थांबू या."

तजवीज म्हणून तो एका रविवारी भंगारवाल्याकडे गेला. तिथे त्यांच्याच गाडीची जुळी बहीण उभी होती, पण अर्धीच. मागचा भाग कापून नेलेला. कातडी सीटवर गवत उगवलं होतं. पायलटने भंगारवाल्याला हाताशी धरून तिचा पंप काढून घेतला, घरच्या जुन्या चादरीत गुंडाळला आणि मिस्त्रीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मिस्त्रीने चादर उघडली आणि लगेच झाकली.

"मेलेल्या गाडीचा ब्रेक?"

"चालू होता म्हणाला तो."

"तो म्हणणारच. अरे, आरसा आण, दार आण, सीट आण, सगळं बसवून देतो. ब्रेक नाही. हा बसवून तुझ्या घरचं माणूस मागे बसवशील?"

पायलटने चादरीला गाठ मारली.

"साहेब थांबलेत कशासाठी? मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको, नको. मीच बोलतो."

पुढच्या तीन आठवड्यांत तो एकदाही बोलला नाही. त्या तीन आठवड्यांत समोरच्या पडद्यावर ब्रेकच्या इशाऱ्याची लाल अक्षरं आवाज करत दोनदा उमटली. दोन्ही वेळेला त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, परत सुरू केली, आणि अक्षरं गेली. दुसऱ्या वेळी बाई मागे होत्या.

"काय हो वाजलं, पायलट?" त्या त्याला नेहमी अहो-जाहो करायच्या.

"काही नाही बाई, दार नीट लागलं नव्हतं."

त्यांचं व्यायामाचं केंद्र एका उंच इमारतीत होतं. गाड्या ठेवायचे चार मजले आणि वर दवाखाने. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी गाडी लावता यायची, म्हणून पायलट नेहमी थेट वर जायचा. म्हणजे बाईंना चालावं लागत नसे. उतरताना मात्र गोल गोल उताराने चार वेढे खाली यावं लागायचं.

त्या दिवशी सकाळचे साडेअकरा झाले होते. बाई गाडीत बसल्या, पट्टा लावला. पायलट नेहमीसारखा हळू निघाला. पहिला वेढा, दुसरा. तिसऱ्या वेढ्यात लाल अक्षरं आली. या वेळी त्यांच्यासोबत एक लांब, न थांबणारी शिट्टी होती. त्याने ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. जात राहिला. तळाला लागला. गाडी किंचित अडखळली आणि मग तिने आपल्या वजनाने उतार धरला.

त्याने गिअर खाली पाडला. दुसऱ्या पायाने पार्किंगचा ब्रेक रेटला. मागून काहीतरी जळल्याचा वास आला. गाडीचा वेग कमी झाला, पण थोडासाच. शेवटचं वळण कसंबसं निघालं, आणि समोर, बाहेर पडायच्या वाटेवर, तळमजल्याच्या लिफ्टमधून एक म्हातारा वॉकर टेकत बाहेर येत होता. त्याच्या कोपराला धरून एक बाई, त्याची मुलगी असावी. दोघं गाडीकडे बघून जागच्या जागी थिजले.

पायलटने स्टिअरिंग फिरवलं. बाजूला सिमेंटचा खांब होता.

गाडी खांबावर आदळली ती पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या दारापर्यंत. ती चालकाच्या पलीकडची बाजू होती. बाई त्या बाजूला बसल्या होत्या.

लोक धावत आले. म्हाताऱ्याची मुलगी रडत रडत पायलटचे हात धरत होती. "तुम्ही होता म्हणून वाचलो हो आम्ही." पायलटची भुवई फाटली होती, मनगट मोडलं होतं. तो दार ओढत होता. दार उघडत नव्हतं.

बाईंना ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे डॉक्टरांनी आयुष्याची वीस वर्षं काढली होती. त्यांना बघून अजूनही माणसं उठून उभी राहत होती, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. फासळ्या मोडून फुप्फुसात घुसल्या होत्या. बाईंच्या तोंडात नळी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर व्हरांड्यात पायलटपाशी येऊन बसले. म्हाताऱ्याची मुलगी त्यांना भेटून गेली होती.

"दोन जीव वाचवलेस तू," ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला. "ती शुद्धीवर आली की मी तिला हे सांगणार आहे."

पायलट ढसाढसा रडला. डॉक्टरांना वाटलं, बाईंसाठी रडतोय. तो बाईंसाठीही रडत होता. पण त्याला खांब दिसत होता. वाटेच्या दोन्ही अंगांना खांब होते. त्याच्या हातांनी विचार न करता जो निवडला, तो त्याला स्वतःला वाचवणारा होता.

बाई नवव्या दिवशी गेल्या.

त्यानंतर चार दिवसांनी मिस्त्री पायलटच्या घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "मी त्या दिवशी चावी परत द्यायला नको होती." मग जमिनीवरच बसला. "पोलिसांनी उद्या बोलावलंय. गाडीत काय खराबी होती ते विचारणार. मी सांगणार, मी पायलटला सांगितलं होतं. पुढचं तू सांग. साहेबांना पोचवलं होतंस का?"

पायलटने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. मिस्त्रीला जे कळायचं ते कळलं. समोर ठेवलेल्या पाण्याला हात न लावता तो उठून गेला.

पायलटची बायको आतल्या दारात उभी होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्या गाडीत बाईंना बसवत होता?"

"नोकरी गेली असती गं."

"माझं काय, मी धुणीभांड्याची चार घरं जास्त धरली असती." तिने त्याची चप्पल दारात आणून ठेवली. "उठा. आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून या."

डॉक्टर त्याच टेबलाशी बसले होते. ताई कसलेसे दाखले आणायला बाहेर गेल्या होत्या. पायलट बसला नाही. त्याने उभ्याने सगळं सांगितलं: पंप, मिस्त्रीची ताकीद, भंगारातला पंप, लाल अक्षरं, दार लागलं नव्हतं म्हणून मारलेली थाप. खांबाचंही सांगितलं. कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं.

त्याचं संपल्यावर डॉक्टरांनी फोन उचलला, बोटाने काहीतरी शोधलं आणि फोन त्याच्याकडे सरकवला. मिस्त्रीच्या गॅरेजातल्या हिशेबाच्या पोराने बिलासोबत परस्पर पाठवलेला निरोप होता. ब्रेकचा पंप निकामी होत आलाय, गाडी चालवू नये, पंप बदला किंवा गाडी बदला, सविस्तर पायलटला सांगितलंय. खाली तारीख होती आणि वेळ.

"त्या दिवशी तू चावी द्यायला दारात आलास ना, त्याच्या अर्धा तास आधी हा आला होता," डॉक्टर म्हणाले. "मी वाचला होता."

पायलटला क्षणभर अर्थच लागेना. "मग मला कशाला विचारलंत, साहेब?"

"तू काही वेगळं म्हणशील म्हणून." डॉक्टरांचा आवाज अगदी सपाट होता, रोग्याला रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "आणि तू म्हणालास. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, रोज चालवणारा म्हणतोय, मिस्त्री काय, घाबरवतात."

स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला.

"हिला आज सांगतो," डॉक्टर म्हणाले. ते मुलीबद्दल बोलत होते. "तू पोलिसांकडे जा. माझंही सांग. मी उद्या येतोच आहे."

दोघांनीही जबाब दिले. ताईंनी वडिलांचं सगळं ऐकून घेतलं, त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि निघून गेल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही. डॉक्टरांनी केला तर त्या उचलत नसत. खटला वर्षभर चालला. पायलटचा परवाना गेला आणि त्याला आठ महिन्यांची कैद झाली. डॉक्टरांना दंड झाला. "याला आत पाठवता तर मलाही पाठवा," असं ते भर कोर्टात म्हणाले. न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली नाही. गाडी पोलिसांच्या आवारात दीड वर्ष पडून होती. मग कुणीतरी वजनावर उचलून नेली.

सुटून आल्यावर पायलटला एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम लागलं. गरम चादरी यंत्रातून बाहेर यायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या. त्याला तिथे पायलट कुणी म्हणत नसे. दोन महिने झाले असतील, तेव्हा डॉक्टरांचा निरोप आला: जमलं तर येऊन जा.

तो चालत गेला. डॉक्टर फार वाळले होते. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान हलत होती. टेबलावर एकच ताट, एकच पेला, दोन्ही विसळून उपडे घातलेले. पहिल्यांदाच डॉक्टरांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"एक विचारायचं राहिलं होतं. कोर्टात कुणी विचारलं नाही, आणि मलाही धीर झाला नाही." ते पुढे वाकले. "त्या दिवशी गाडीत ती काय बोलली? शेवटचं?"

हा प्रश्न येणार हे पायलटला येतानाच वाटलं होतं. उत्तरही त्याने रस्त्यात तयार केलं होतं: तुमचीच आठवण काढत होत्या, तुमच्या औषधाची वेळ झाली म्हणत होत्या. कुणाला खोटं वाटलं नसतं. त्याने डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. सतरा वर्षं जे ऐकायचं असेल ते ऐकायला आतुर असणारा तोच चेहरा.

"चांगलं नाहीये, साहेब."

"असू दे."

"लिफ्टच्या दाराशी गाडी लावली. बाई बसायला गेल्या तर बसता येईना. सीट खोल आहे ना ती. दोनदा वाकून परत उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा मी हात दिला. बसल्यावर घाम आला होता त्यांना." पायलट टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता. "म्हणाल्या, पायलट, या खड्ड्यात आता मला नाही हो बसवत. ऑपरेशनच्या आधीपासून, चार वर्षं झाली. रोज वाटतं, ही गाडी कधी जाईल. मी म्हटलं, साहेबांना सांगू का? तर म्हणाल्या, अजिबात नको. त्यांचा जीव आहे हिच्यात."

"चार वर्षं?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

"माझ्याजवळ कधी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांचा उजवा हात टेबलावर होता. तो त्यांनी उलटा करून पाहिला, पुन्हा पालथा केला. हजारो गुडघे त्या हाताखालून गेले होते. "मग?"

"मग काही नाही. मी गाडी काढली."

पायलटला वाटलं, आता जायला सांगतील. तो खुर्ची मागे सारून उठू लागला.

"बस," डॉक्टर म्हणाले. "परत सांग. लिफ्टच्या दारापासून."

पायलट बसला, आणि त्याने परत सांगायला सुरुवात केली.